चोरवाटा आणि प्रतिसरकार

पुण्याहून निघून कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी अशी स्थानके घेत मिरजेस पोचणारा आणि तेथून बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक या मार्गाने पोर्तुगीज हद्दीत उतरणारा लोहमार्ग हा दक्षिण महाराष्ट्राच्या दळणवळणाचा जुना कणा होय. ७ जून १९४३ रोजी या मार्गावर शेणोलीजवळ तुफान सेनेच्या तरुणांनी सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. पुढच्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या हौसाताई गोव्यात गेल्या. शस्त्रे आणताना पकडला गेलेला एक सहकारी पणजीच्या तुरुंगात होता आणि सुटकेचा बेत त्याच्यापर्यंत पोचवायचा होता. बहीण म्हणून त्यांनी तुरुंगात त्याची भेट घेतली. परतताना पोलिसांची नजर चुकवण्यासाठी रात्री लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी ओलांडली आणि रस्ता टाळून रानातून पायी वाट काढली. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी ही हकीकत सांगितली. २३ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

या दोन प्रसंगांकडे आपण स्वातंत्र्यलढ्यातील शौर्यकथा म्हणून पाहतो, आणि त्या तशा आहेतच. परंतु कायद्याच्या भाषेत बोलायचे तर पहिली घटना लूट होती आणि दुसरीच्या मुळाशी शस्त्रांची चोरटी वाहतूक होती. राज्यसंस्था ठिसूळ झालेल्या प्रदेशांत अवैध व्यापार काय करतो, तेथील स्थैर्याचे व विकासाचे त्यामुळे काय होते, हा प्रश्न आजकाल अफगाणिस्तान, सिएरा लिओन किंवा गिनी-बिसाऊ यांच्या संदर्भात विचारला जातो. तोच प्रश्न १९४२ ते १९४६ या काळातील सातारा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या मुलखाला, विचारून पाहावा असा आमचा विचार आहे. उत्तर वाटते तितके सरळ नाही. म्हणूनच ते शोधण्यासारखे आहे.

हद्दींची गोधडी

आज सांगली जिल्ह्याचा नकाशा पाहणाऱ्यास त्या काळच्या राजकीय भूगोलाची कल्पना सहसा येत नाही. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात मोडत. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. मिरजेचीही थोरली आणि धाकटी अशी दोन. जतला डफळ्यांचे राज्य, फलटणला निंबाळकरांचे. औंधच्या पंतप्रतिनिधींची बहात्तर गावे तर एकमेकांपासून तुटून विखुरलेली होती. आटपाडी औंधची, कुंडलही औंधचे. ज्या किर्लोस्करवाडीत १९१० साली कारखाना उभा राहिला, ती वाडीही औंधच्याच हद्दीत. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर या तुकड्यांतून दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

गोधडीसारख्या अशा मुलखात सरकारचा हात प्रत्येक ठिगळाच्या शिवणीपाशी अडतो. एका गावात ब्रिटिश फौजदाराचा हुकूम चालावा आणि दोन मैलांवरच्या गावात त्याला संस्थानी अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागावी, हे येथील नित्याचे होते. औंधचे राजे भवानराव आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत राष्ट्रीय चळवळीकडे सहानुभूतीने पाहणारे होते. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९ साली प्रजेला ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना दिली होती. त्यामुळे भूमिगतांना कुंडलसारख्या गावात जो आसरा मिळाला, त्यात लोकांच्या निष्ठेइतकाच या शिवणींचाही वाटा होता.

शिवण कोणाची बाजू घेत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. ज्या हद्दीआड देशभक्त लपतो, त्याच हद्दीआड साठेबाज धान्याची पोती हलवतो आणि दरोडेखोरही तेथेच दडतो. चोरवाट पाडणाऱ्याने ती एका हेतूने पाडलेली असते. चालणारे मात्र नाना हेतूंनी चालतात.

टंचाई आणि काळा बाजार

१९४२ च्या पूर्वार्धात जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. युद्धखर्चासाठी चलन वाढत होते, लष्कराची खरेदी वाढत होती, रेल्वेचे डबे लष्करी मालाने भरलेले असत. धान्य, कापड, रॉकेल या सर्वांची टंचाई झाली. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. भाव बांधून देण्यात आले, जिल्ह्याबाहेर धान्य नेण्यावर निर्बंध आले आणि त्या निर्बंधांबरोबरच ‘काळा बाजार’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला.

चोरट्या व्यापाराने राज्य कसे पोखरले जाते, ते येथे स्पष्ट दिसते. बांधलेला भाव आणि खरा भाव यांत जितके अंतर, तितका परवाना देणाऱ्याच्या सहीचा मोल वाढत जातो. दुकानदार, वाहतूकदार, शिधा अधिकारी, गावकामगार यांची एक साखळी तयार होते. या साखळीतील प्रत्येकाचे हित नियम कायम राहण्यात आणि मोडला जाण्यात असे दुहेरी असते. प्रामाणिक व्यापारी मागे पडतो, कारण कायद्याने चालणाऱ्याला माल मिळत नाही. ज्याच्याकडे विकायला जादा धान्य आहे असा मोठा शेतकरी तग धरतो. मजूर, अलुतेदार आणि कोरडवाहू शेतकरी मात्र रोजच्या भाकरीसाठी साखळीच्या तळाशी हात पसरतो. सरकार नाहीसे झालेले नसते. ते विक्रीला निघालेले असते.

त्याच वेळी सातारा जिल्ह्यात सरकारचा नैतिक अधिकारही संपला होता. सप्टेंबर १९४२ मध्ये, ९ तारखेस वडूजला आणि १० तारखेस इस्लामपूरला, कचेरीवर निघालेल्या मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला. निःशस्त्र माणसे मेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि पोलिसांचे बळ भूमिगतांच्या मागावर लागले. गावात चोरी झाली, दरोडा पडला तर दाद मागण्यासाठी जावे कोठे, हा प्रश्न लोकांपुढे उभा राहिला.

दरोडेखोर की क्रांतिकारक?

या पोकळीत प्रथम शिरले ते दरोडेखोर. काही टोळ्या तर चळवळीचेच नाव घेऊन लुटू लागल्या. रात्री बंदूक घेऊन दारात उभा राहिलेला माणूस देशकार्यासाठी पैसा मागतो आहे की स्वतःसाठी, हे घरमालकाला कळावे कसे? इतिहासाच्या दृष्टीने प्रतिसरकारचा जन्म ब्रिटिशांविरुद्धच्या कटातून झाला, इतकेच म्हणणे अपुरे आहे. या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या गरजेतूनही तो झाला. १९४३ च्या मध्यापासून नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर आदी कार्यकर्त्यांनी गावोगावी गट बांधले, न्यायदान मंडळे नेमली, तुफान सेना उभी केली, आणि सुरुवातीच्या काळात त्यांची बरीच शक्ती खर्च झाली ती दरोडेखोरांच्या बंदोबस्तावर. काळाबाजारवाले आणि पिळवणूक करणारे सावकार यांनाही मंडळांपुढे उभे करण्यात आले. शिध्याच्या मालाचे न्याय्य वाटप, दारूबंदी, कमी खर्चाची लग्ने, वाचनालये ही कामे त्याच ओघात आली.

अमेरिकन अभ्यासक चार्ल्स टिली यांनी १९८५ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, राज्य उभारणी आणि संघटित गुन्हेगारी यांची कार्यपद्धती मुळात फार वेगळी नसते. दोघेही संरक्षण देतात आणि त्याचे मोल घेतात. युरोपच्या इतिहासावरून काढलेला हा निष्कर्ष कडवट आहे, पण साताऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला तो टाळता येत नाही. एरिक हॉब्सबॉम यांनी ‘बँडिट्स’ या १९६९ च्या ग्रंथात गरिबांना आपला वाटणारा ‘सामाजिक दरोडेखोर’ वर्णिला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ ही कादंबरी त्याआधी दहा वर्षे, १९५९ साली, लिहिली होती. उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा तिचा नायक हॉब्सबॉमच्या व्याख्येत बसतो, पण अण्णा भाऊंनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोणाला गुन्हेगार म्हणायचे हे आधी सरकारी नोंदवहीत ठरते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. हजेरीला उभे राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ‘वैध’ आणि ‘अवैध’ या शब्दांचा अर्थ काही निराळाच होता. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ‘फकिरा’ वाचताना त्या मुलखाचा हा इतिहास जवळ ठेवावा. आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ‘फकिरा’ जवळ ठेवावी.

शस्त्रांची वाट

१८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे अशक्य केले होते. तेव्हा प्रतिसरकारपुढे शस्त्र मिळवण्याचे मार्ग थोडे होते. पहिला मार्ग पोलिसांचीच शस्त्रे पळवण्याचा. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग वठवण्यात आले. ‘नवऱ्या’चा मार खाणाऱ्या बायकोची भूमिका हौसाताईंनी केली आणि पोलीस त्या तमाशात गुंतले असता साथीदारांनी आतील बंदुका उचलल्या. दुसरा मार्ग गोव्याचा. ती परकी, युद्धात तटस्थ असलेल्या राज्याची भूमी होती, आणि ब्रिटिश शस्त्र कायदा तिच्या सीमेवर संपत असे.

शस्त्राला पैसा लागतो. १४ एप्रिल १९४४ रोजी साताऱ्याच्या तरुणांनी दूर खानदेशात, धुळे जिल्ह्यातील चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या काळच्या मानाने ही फार मोठी रक्कम होय. आम्हाला या घटनेत धाडसापेक्षा अधिक लक्षणीय वाटते ते पैशाचे मूळ. हा पैसा सरकारी तिजोरीतला होता. शेणोलीच्या गाडीतलाही तसाच. आपण लूट केली नाही, जनतेचेच धन परत आणले, असे तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, अखेरपर्यंत सांगत. हा युक्तिवाद कोणी मान्य करो वा न करो, त्यातून एक व्यवहार ठरला होता: चळवळीचे उत्पन्न चोरट्या व्यापारातून येत नव्हते. काळ्या बाजारावर पट्टी बसवून, अफूगांजाची वाहतूक सांभाळून किंवा गावांवर खंडणी लादून तुफान सेना पोसली गेली नाही. तिला भाकर घातली ती गावांनी, आणि भाकर घालणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

‘अवैध’ कोण ठरवते?

येथे एक आडवळण घेणे आवश्यक वाटते, कारण ‘अवैध’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी माळव्यात शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकणारी अफू ही ईस्ट इंडिया कंपनीच्या दृष्टीने तस्करीचा माल होती. कारण तिच्यामुळे बंगाल-बिहारच्या अफूवरील कंपनीच्या मक्तेदारीला धक्का बसे. कंपनीने संस्थानिकांशी करार करून तिची वाट अडवण्याचा प्रयत्न केला. अफू राजपुतान्याच्या वाळवंटातून कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागली. अखेर १८३१ च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि परवाना शुल्क घेऊन तीच अफू मुंबईमार्गे जाऊ दिली. एका आदेशासरशी तस्करी व्यापार झाली. तीच कंपनी ज्या चीनसाठी अफू पिकवत होती, तेथे अफूवर अठराव्या शतकापासून बंदी होती, हा त्यातला मोठा उपरोध.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, एखादा व्यापार कायदेशीर आहे की नाही यावरून तो न्याय्य आहे की नाही हे ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे. माळव्याच्या अफूने मराठी संस्थानांच्या मुलखात काही सावकार आणि दलाल श्रीमंत केले, पण दुबळ्या होत चाललेल्या त्या राज्यांना त्या व्यापाराने बळ दिले नाही. कंपनीची मक्तेदारी अन्याय्य होती म्हणून तिला चुकवणारी वाट आपोआप लोककल्याणाची झाली नाही. तेव्हा कायदा हा कसोटी म्हणून पुरा पडत नाही आणि कायद्याला विरोध हीही कसोटी होऊ शकत नाही. आमच्या मते कसोटी एकच: त्या वाटेवरच्या सत्तेला कोणाला उत्तर द्यावे लागते?

वाट बंद कशी झाली?

आता जगाकडे पाहू. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात जे युद्ध झाले, त्यात बंडखोरांना हिऱ्यांनी पोसले. हिरे लायबेरियामार्गे बाहेर जात आणि शस्त्रे आत येत. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ साली या गुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल पन्नास वर्षांची शिक्षा झाली. बंडखोरांना हिरे मिळत असल्यामुळे गावाच्या भाकरीची गरज नव्हती; म्हणून गावाचे हात तोडायला त्यांचा हात थरथरला नाही. गिनी-बिसाऊ या छोट्या देशातून कोकेनची वाहतूक होऊ लागली तेव्हा सैन्यातले वरिष्ठच तीत गुंतल्याचे आरोप झाले, आणि २०१३ साली तेथील माजी नौदलप्रमुख अमेरिकेच्या सापळ्यात सापडले. २०११ साली लिबियात गद्दाफींची राजवट कोसळली, तिची शस्त्रे वाळवंट ओलांडून दक्षिणेकडे गेली आणि २०१२ मध्ये मालीचा उत्तर भाग सरकारच्या हातून निसटला. शस्त्र ज्या कारणासाठी आणले जाते, ते कारण संपल्यावरही शस्त्र उरते.

साताऱ्यात असे का झाले नाही? चार वर्षे सशस्त्र भूमिगत, चोरवाटांची माहिती, लुटलेला खजिना, ठिसूळ सरकार, हद्दींची गोधडी. टोळीशाहीला लागणारे सगळे साहित्य येथे उपलब्ध होते. एप्रिल १९४६ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि भूमिगत बाहेर आले. त्यांच्यातून प्रदेश वाटून घेणारे सरदार निघाले नाहीत. ते निवडणुकांना उभे राहिले. नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर गेले. याच मुलखातले दुसरे भूमिगत वसंतदादा पाटील, ज्यांनी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला आणि पाठलागात गोळी खाल्ली, ते पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. पण त्याआधी त्यांनी सांगलीत सहकारी साखर कारखाना उभारला. कुंडलला बापू लाडांनी आणि वाळव्याला नागनाथअण्णांनी उभारलेले सहकारी कारखाने पुढचे. वाळव्याच्या कारखान्याला किसन अहिर यांचे नाव आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळ्याच्या डोंगराळ भागात मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग धारातीर्थी पडले होते.

याची कारणे आम्हाला तीन दिसतात. पहिले वर येऊन गेले: चळवळीचे पोट चोरट्या व्यापारावर नव्हते, त्यामुळे तो व्यापार चालू राहण्यात तिचे हित गुंतले नाही. दुसरे असे की न्यायदान मंडळे गावातल्या माणसांची होती, आणि निवाडा करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर तोंड दाखवायचे होते. तिसरे कारण चळवळीच्या बाहेरचे आहे. नव्या राज्याने या माणसांना आत येण्यासाठी दार उघडे ठेवले. विधानसभा, सहकारी संस्था, शाळा, पाणीपुरवठ्याच्या योजना या रूपाने कर्तृत्वाला वाव मिळाला, विरोधी पक्षात राहूनही मिळाला. ज्या देशांत युद्धानंतर बंदूक खाली ठेवणाऱ्याच्या हातात द्यायला दुसरे काहीच नसते, तेथे तो ती पुन्हा उचलतो. साताऱ्यातही बंदूक एका दिवसात विसरली गेली असे नव्हे. नागनाथअण्णा आणि बापू लाड यांनी हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाला साहाय्य केले, आणि ते शब्दांपुरते नव्हते. परंतु त्या वाटेलाही एक शेवट होता, आणि तो शेवट आला तेव्हा मान्य करण्यात आला.

हिशेबाची दुसरी बाजू

इतके लिहून थांबलो तर तो पोवाडा होईल. पोवाड्याचे स्थान शाहीर शंकरराव निकमांसारख्यांनी त्या काळी समर्थपणे भरून काढले होते. आमचे काम निराळे आहे.

प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणत. अपराध्याच्या तळपायांवर प्रहार करण्याच्या, म्हणजे पत्र्या ठोकण्याच्या, शिक्षेवरून ते नाव रूढ झाले. ज्याला अपिलाची सोय नाही अशा न्यायात चूक झाली तर ती दुरुस्त कशी व्हावी? याच काळात, याच मुलखात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांची खुली वसाहत चालवली होती. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी तेथे भिंतीशिवाय राहत, शेती करत. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. गुन्हेगाराचे काय करावे या प्रश्नाला काही मैलांच्या अंतरावर दोन उत्तरे दिली जात होती, एक तळपायावर आणि दुसरे विश्वासावर. एका उत्तरामागे राजाची सत्ता सुरक्षित होती आणि दुसऱ्यामागे पोलीस होते, हा फरक विसरून तुलना करणे अन्यायाचे ठरेल. तरीही तुलना मनात येते, आणि यावी.

दुसरी नोंद १९४८ च्या प्रारंभाची. गांधीजींच्या हत्येनंतर या दोन्ही जिल्ह्यांच्या मुलखात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ या कादंबरीत तो अनुभव लिहिला आहे. त्या जाळपोळीचे खापर प्रतिसरकारवर फोडण्याचा आमचा हेतू नाही. बंदुकांच्या चोरवाटेशी तिचा संबंध जोडण्यास आधारही नाही. परंतु जमावाने मिळून कायदा बाजूला सारला तर तो मागे हटतो, हा धडा पाच वर्षांपूर्वी अख्ख्या मुलखाने न्याय्य कारणासाठी गिरवला होता. धडा कोणत्या कारणासाठी शिकला गेला, हे तो वापरणारा नेहमीच आठवत नाही.

तिसरी नोंद स्त्रियांची. इंदुताई पाटणकर, हौसाताई, लीलाताई पाटील यांच्यासारख्या स्त्रियांनी निरोप पोचवले, शस्त्रे लपवली, भूमिगतांना जेवू घातले. कारखाने, सभागृहे, पुतळे यांच्या रूपाने चळवळीचा परतावा मिळाला तेव्हा मात्र त्यांची नावे यादीत खाली गेली. ज्यांनी वाट चालून दाखवली, त्यांना वाटेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या इमारतीत जागा थोडीच मिळाली.

आजचा पाणवठा

मार्च २०२४ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी या गावात मेफेड्रोन हा अमली पदार्थ तयार करणारा कारखाना उघडकीस आणला. सुमारे १२२ किलो माल सापडला. त्याची किंमत पोलिसांनी सुमारे २४५ कोटी रुपये सांगितली. त्याच्या आधीच्या महिन्यात पुणे पोलिसांच्या मोठ्या कारवाईचा एक धागा सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला होता. आज या मुलखात संस्थानांच्या हद्दी नाहीत आणि राज्यही दुबळे नाही. मग हे येथे का?

सगळे राज्य ठिसूळ नसले तरी त्यातला एखादा कोपरा ठिसूळ असू शकतो, हे याचे आम्हाला सुचणारे उत्तर होय. कवठेमहांकाळ, जत, आटपाडी हा पूर्वेकडचा पट्टा पिढ्यान् पिढ्या दुष्काळी. कृष्णेच्या काठचा ऊस आणि कारखाने यांनी पश्चिम भागाला जे दिले, ते म्हैसाळ व टेंभू योजनांचे पाणी पोचेपर्यंत या भागाला मिळाले नाही. सहकाराच्या ज्या चौकटीने १९४६ नंतर भूमिगतांना सामावून घेतले, तिचे दार आज शिकलेल्या पण कामाविना असलेल्या तरुणाला उघडे आहे काय, हा प्रश्न विचारावा लागेल. रसायनाचा धंदा करणाऱ्यांना शेतातली एकांत जागा आणि प्रश्न न विचारणारा शेजार, इतकेच हवे असते. प्रतिसरकारच्या काळी गावात परका माणूस आला तर तो कोण, कोणाकडे आला, का आला, याची चौकशी संध्याकाळच्या आत होत असे. त्या चौकशीत जाच होता. पण गावाच्या हद्दीत काय चालले आहे याचे उत्तर गावाने द्यावयाचे, ही जाणीवही होती.

चोरट्या व्यापाराचा बंदोबस्त पोलिसांनी करावा, यात वाद नाही. अफगाणिस्तानात तालिबानने २०२२ साली अफूबंदी केली आणि पुढच्या वर्षी पीक जवळजवळ नाहीसे झाले. त्याबरोबर अफूवर जगणाऱ्या लाखो शेतकऱ्यांची मिळकतही गेली. बळाने वाट बंद करता येते. त्या वाटेने चालणाऱ्याला दुसरी वाट देणे, हे बळाचे काम नव्हे. साताऱ्याने चार वर्षे चोरवाटा वापरल्या आणि पुढे त्या मिटू दिल्या, कारण त्या वापरणाऱ्यांना परत जाण्यासाठी शेत होते, सभा होती, कारखान्याचा माळ होता आणि ओळखीचा पाणवठा होता. हौसाताई मांडवी ओलांडून रानातून चालत आल्या त्या घरी येण्यासाठी. आज इरळीच्या वाटेने जाणाऱ्या तरुणाला परतण्यासाठी आपण काय राखून ठेवले आहे, एवढे या मुलखाने स्वतःला विचारले तरी १९४३ च्या इतिहासाचे ऋण थोडे फिटेल.